फिजिओथेरपी शिकवायला रुजू होताय? आधी क्रम नीट लावा

दरवर्षी नवीन बॅच आली की माझ्याकडे तेच फोन येतात. "मॅम, जॉइन होऊन आठ महिने झाले, अ‍ॅप्रूव्हल (विद्यापीठाची अध्यापक म्हणून मान्यता) अजून आलं नाही." "मॅम, तीन वर्षांचं अनुभवाचं प्रमाणपत्र आहे, पण धरत नाहीत." "मॅम, क्लिनिकमध्ये दहा वर्षं काढली, पण वर्गात उभी राहिले की वीस मिनिटांत सगळं सांगून संपतं." फोन करणारी माणसं हुशार असतात, त्यांच्या हाताला गुण असतो. चुकतो तो क्रम. बहुतेक जण पीपीटी आधी बनवतात आणि कागद मागाहून बघू म्हणतात. लेक्चरची तयारी रात्र जागून करतात आणि प्रॅक्टिकल मात्र 'ते तर रोजचंच आहे' म्हणून सोडून देतात. दोन्हीकडे नेमकं उलटं करायचं असतं.

एमपीटीएच (फिजिओथेरपीची पदव्युत्तर पदवी) झालेलं, आजवर क्लिनिकमध्ये किंवा हॉस्पिटलमध्ये काम केलेलं आणि आता पहिल्यांदा सहायक प्राध्यापक म्हणून महाविद्यालयात रुजू होणारं जे कोणी असेल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. सगळं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयं डोळ्यासमोर ठेवून आहे. अभिमत किंवा खासगी विद्यापीठात जाणार असाल तर नेमणुकीची पद्धत तिथल्या आस्थापना विभागाकडून समजून घ्या. सहाव्या टप्प्यापासून पुढचं मात्र कुठेही तसंच लागू पडेल.

## टप्पा १ : अर्जाच्या आधी फाइल

जाहिरात दिसली की कागद शोधायला लागायचं, ही पहिली चूक. फाइल आधी तयार हवी, कारण त्यातले काही कागद हातात यायला महिने लागतात.

सुरुवात नावापासून करा. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, एमपीटीएचच्या पदवीवर सासरचं, राज्याच्या फिजिओथेरपी काउन्सिलच्या नोंदणीवर मधलं नाव गाळलेलं, आधारवर आणखी तिसरंच काही. आपल्याकडे मुलींच्या बाबतीत हे इतकं सर्रास आहे की मी फाइल उघडली की आधी फक्त नावं वाचत जाते. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद दोन्ही लावा. एका अक्षराचा फरक असला, तरी तो आत्ताच दुरुस्त करून घ्या. नंतर प्रत्येक प्रस्तावाच्या वेळी तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

दुसरं म्हणजे काउन्सिलची नोंदणी. बीपीटीएच या पहिल्या पदवीनंतर नोंदणी केलेली असते, पण एमपीटीएचची अतिरिक्त पात्रता तिथे चढवायची राहून गेलेली असते. नूतनीकरणाची तारीखही उलटलेली असते. क्लिनिक चालवताना हे कोणी विचारत नाही, म्हणून वर्षानुवर्षं लक्षातच येत नाही. परराज्यातून एमपीटी केलं असेल, आणि आपल्याकडची बरीच मुलं कर्नाटकातून करून येतात, तर पदवीचं नाव, विषयाचं नाव आणि त्या विद्यापीठाची मान्यता हे तिन्ही इथे कसं धरलं जातं ते अर्जाआधी महाविद्यालयाला लेखी विचारा. तोंडी "चालेल हो" याला काही अर्थ नाही.

तिसरं, अनुभव. इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहे. स्वतःच्या क्लिनिकची वर्षं अध्यापनाच्या अनुभवात धरत नाहीत, मग ती पाच असोत की पंधरा. त्या वर्षांचा उपयोग तुम्हाला वर्गात होईल, सेवाज्येष्ठतेत होणार नाही. आधी कुठे शिकवलं असेल तर नुसतं अनुभवाचं प्रमाणपत्र पुरत नाही. चार गोष्टी एकत्र हव्यात: नेमणूकपत्र, रुजू अहवाल, कार्यमुक्तीचा आदेश आणि त्या काळातलं विद्यापीठाचं अ‍ॅप्रूव्हल. जोडीला फॉर्म १६ आणि पगार जमा झालेलं बँक स्टेटमेंट असलं की प्रश्न मिटतो.

बाकीचे कागद पटकन सांगते. सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका, इंटर्नशिप पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, दोन्ही पदव्यांची प्रमाणपत्रं (नुसता निकाल किंवा प्रोव्हिजनल नव्हे), राखीव जागेवर अर्ज असेल तर जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असेल तिथे नॉन-क्रीमी लेयर. सगळ्याचं स्कॅनिंग करा. प्रत्येक फाइलला स्वतःचं नाव आणि कागदाचं नाव द्या. 'स्कॅन००४७' नावाची फाइल पाठवलीत, तर आस्थापना विभागातला माणूस ती उघडणारही नाही.

तपासा : फाइलमधले सगळे कागद टेबलावर ओळीने मांडा. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत तुमचं नाव आणि जन्मतारीख तंतोतंत एकच आहे का? तारखांमध्ये कुठे दोन नोकऱ्या एकमेकांवर चढलेल्या दिसतात का?

## टप्पा २ : जाहिरात आणि मुलाखत

जाहिरातीत पदाचं नाव, विषय, प्रवर्ग आणि नेमणुकीचं स्वरूप बघा. तुमचा विषय न्यूरो-फिजिओथेरपी आणि जागा कम्युनिटी फिजिओथेरपीची, असं असेल तर "आत गेल्यावर बदलून घेऊ" असं कोणी म्हटलं तरी त्यावर विसंबू नका. नेमणूक ज्या विषयात, त्याच विषयात पुढची सगळी वाट.

नेटबद्दलही दर वेळी विचारलं जातं. यूजीसीच्या नेटमध्ये फिजिओथेरपी हा विषयच नाही. शारीरिक शिक्षण हा विषय आहे, तो आपला नव्हे. त्यात वर्ष घालवू नका.

मुलाखतीत डेमो लेक्चर घ्यायला सांगतात. तिथे हमखास चूक होते ती अशी: उमेदवार आपल्या एमपीटीएचच्या प्रबंधाचा विषय निवडतो आणि दहा मिनिटांत सगळं ज्ञान ओततो. समितीला तुमचं ज्ञान पदवीवरून कळलेलंच असतं. त्यांना बघायचं असतं की दुसऱ्या वर्षाच्या मुलाला तुम्ही एक छोटी गोष्ट समजावू शकता का. एकच मुद्दा घ्या. उदाहरणार्थ, स्नायूची ताकद तपासताना ग्रेड २ आणि ग्रेड ३ यांत फरक काय. खुर्चीवर बसून स्वतःचा गुडघा सरळ करून दाखवा: गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध पूर्ण हालचाल झाली तर ३. मग सांगा की तेच होत नसेल तर रुग्णाला कुशीवर घ्यायचं, पायाला आधार द्यायचा आणि गुरुत्वाकर्षण बाजूला काढून बघायचं. आता पूर्ण हालचाल झाली तर २. पाच मिनिटं पुरतात. उरलेल्या वेळात समितीतल्याच कोणाला तरी एक प्रश्न विचारा.

## टप्पा ३ : नेमणूकपत्रावर सही करण्याआधी

हा टप्पा लहान आहे, पण इथे लाजू नका. पाच गोष्टी लेखी हव्यात: पद आणि विषय, नेमणूक नियमित की तात्पुरती, पगार आणि भविष्य निर्वाह निधी, कामाचे तास, आणि खासगी प्रॅक्टिसबद्दलची अट. नाशिकमध्ये गंगापूर रोडला किंवा पंचवटीत संध्याकाळचं क्लिनिक चालू ठेवायचं असेल तर पूर्णवेळ अध्यापकाला ते चालतं का, याचं उत्तर पत्रात शोधा, नसेल तर विचारून लिहून घ्या. "सगळेच करतात" हे उत्तर नव्हे.

सावधान : "फक्त नाव द्या, तपासणीच्या दिवशी या" असं कोणी सुचवलं तर तिथून उठून या. एकाच काळात दोन ठिकाणी पूर्णवेळ अध्यापक म्हणून नाव दिसलं की ते तुमच्या नोंदीवर कायमचं बसतं. शिवाय त्या महाविद्यालयात शिक्षकाविना राहिलेली मुलं उद्या आपल्याच रुग्णांना हात लावणार असतात.

## टप्पा ४ : रुजू होणं आणि अ‍ॅप्रूव्हल

रुजू झालात म्हणजे अध्यापक झालात असं नाही. विद्यापीठाच्या लेखी तुम्ही अध्यापक होता ते मान्यतेचं पत्र निघतं तेव्हा. लोक नेमकं इथेच निर्धास्त होतात.

साधारण क्रम असा असतो. जाहिरात, अर्ज, निवड समिती, नेमणूकपत्र, रुजू अहवाल, महाविद्यालयाकडून विद्यापीठाला मान्यतेचा प्रस्ताव, विद्यापीठाची छाननी, त्रुटी असतील तर त्यांची पूर्तता आणि मग मान्यतेचं पत्र. निवड समिती रीतसर, म्हणजे विद्यापीठाच्या प्रतिनिधींसह बसलेली होती की महाविद्यालयाने आपल्या पातळीवर तात्पुरती निवड केली, यावर मान्यता कोणत्या स्वरूपाची आणि किती काळाची मिळणार ते ठरतं. निवड कोणत्या प्रकारची होती, हे रुजू होतानाच विचारून घ्या.

आपण नाशिककर असल्याने एक वेगळीच चूक करतो. विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच गावात, दिंडोरी रोडला म्हसरूळला आहे. त्यामुळे वाटतं, रिक्षा करू, जाऊन चौकशी करू, काम होईल. कोल्हापूरच्या किंवा नागपूरच्या अध्यापकाला हा मोह होत नाही. प्रस्ताव महाविद्यालयामार्फतच जातो आणि त्रुटीही महाविद्यालयालाच कळवल्या जातात. तुम्ही खिडकीपाशी उभं राहून काही पुढे सरकत नाही. तुमचं काम आहे आपल्या आस्थापना विभागाकडे दर पंधरा दिवसांनी लेखी विचारणा करणं: प्रस्ताव कोणत्या तारखेला गेला, जावक क्रमांक काय, त्रुटी आली का.

हे मी स्वतः भोगलेलं आहे. माझ्या पहिल्या नोकरीत (संस्थेचं नाव घेत नाही) चौदा महिने मी मन लावून शिकवलं. विचारलं की "गेलाय हो मॅडम प्रस्ताव" असं उत्तर मिळायचं. नोकरी बदलताना कळलं की प्रस्ताव कपाटातच होता, एका गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत कमी होती म्हणून. ती गुणपत्रिका माझ्या घरी होती. मला कोणी मागितली नाही आणि मी जावक क्रमांक कधी विचारला नाही. ते चौदा महिने माझ्या अनुभवात नाहीत.

रुजू होण्याच्या दिवशी करायच्या गोष्टी: रुजू अहवालावर प्राचार्यांची सही आणि आवक शिक्का घेऊन त्याची प्रत स्वतःकडे ठेवा, बायोमेट्रिक हजेरीत नाव त्याच दिवशी चढवा, पगाराचं खातं आणि पॅन द्या. सकाळच्या सत्रात रुजू झालात की दुपारच्या, तेही अहवालावर लिहिलेलं असावं.

पात्रतेचे आणि अनुभवाचे निकष वेळोवेळी बदलतात. २०२१ च्या सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्यानंतर शिक्षणाचे किमान दर्जे राष्ट्रीय पातळीवर ठरवायची व्यवस्था आली आहे. त्यामुळे सीनियरने पाच वर्षांपूर्वी काय केलं ते विचारून चालू नका, विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचं ताजं परिपत्रक उघडून वाचा.

तपासा : रुजू होऊन दोन महिने झाले असतील तर तुमच्याकडे प्रस्तावाचा जावक क्रमांक आहे का? नसेल तर पुढचं वाचणं थांबवा आणि उद्या सकाळी पहिलं काम ते करा.

## टप्पा ५ : पहिला आठवडा फक्त बघा

शक्य असेल तर पहिला आठवडा स्वतंत्र तास घेऊ नका, सीनियरच्या तासाला मागच्या बाकावर बसा. विषय तुम्हाला येतोच, मुलं बघा. ती लिहिणं कधी थांबवतात, मोबाइल कधी बाहेर येतो, कोणत्या शब्दाला सगळ्यांचे चेहरे कोरे होतात, याची वही ठेवा.

याच आठवड्यात अभ्यासक्रमाची प्रत मिळवा आणि तुमच्या विषयाला किती तास आहेत, त्यात लेक्चर किती आणि प्रॅक्टिकल किती, हे मोजून घ्या. मागच्या काही परीक्षांच्या प्रश्नपत्रिकाही काढा. क्लिनिकमधून आलेल्या माणसाला जे महत्त्वाचं वाटतं आणि अभ्यासक्रमात ज्याला वजन आहे, त्यात बरंच अंतर असतं. ते आधी कळलं की अर्ध्या सत्रात धावाधाव होत नाही.

ओपीडी, इलेक्ट्रोथेरपीची लॅब, स्टोअर आणि वॉर्ड चालून बघा. किती गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचं साधन) चालू आहेत, किती प्लिंथ (तपासणीची बाकं) डगमगतात, कोणत्या अल्ट्रासाउंडचं हेड चालत नाही. वीस जणांच्या बॅचला तीन गोनिओमीटर असतील तर प्रॅक्टिकल कसं बसवायचं, याचा विचार आत्ताच करावा लागतो.

## टप्पा ६ : हातातलं कौशल्य सुटं करणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

अनुभवी फिजिओथेरपिस्टचे हात विचार न करता चालतात. रुग्णासाठी ते वरदान, विद्यार्थ्यासाठी अडचण. माझं पहिलं प्रॅक्टिकल गुडघ्याच्या हालचालीचं होतं. एका मुलाला प्लिंथवर पाठीवर झोपवलं, गुडघा वाकवला, गोनिओमीटर लावला, आकडा वाचला. चाळीस सेकंद. "समजलं?" "हो मॅम." मग एकाच मुलाचा तोच गुडघा सहा जणांना मोजायला दिला. ११८ पासून १४० पर्यंत आकडे आले. कोणी आस (गोनिओमीटरच्या दोन भुजा जोडणारा मधला बिंदू) गुडघ्याच्या वाटीवर धरला होता, कोणी स्थिर भुजा मांडीच्या वरच्या कडेला समांतर ठेवली होती.

चूक त्यांची नव्हती. मी काय केलं होतं ते मलाच ठाऊक नव्हतं. गोनिओमीटर लावण्याआधी माझ्या बोटांनी मांडीच्या हाडाचा बाहेरचा एपिकॉन्डाइल (गुडघ्याजवळचा उंचवटा) चाचपला होता, नजर ग्रेटर ट्रोकॅन्टरकडे (खुब्यापाशी लागणारा उंचवटा) आणि घोट्याबाहेरच्या मॅलिओलसकडे (तिथल्या हाडाच्या उंचवट्याकडे) गेली होती. हे सगळं अर्ध्या सेकंदात झालं आणि तोंडातून एक शब्दही निघाला नाही. मुलांना दिसलं ते फक्त प्लास्टिकचं यंत्र.

तेव्हापासून माझा नियम असा: प्रॅक्टिकलच्या आदल्या संध्याकाळी ते कौशल्य कागदावर सुटं करायचं. घरच्या कोणाला तरी सतरंजीवर झोपवा, मोबाइलवर स्वतःच्या हातांचं चित्रण करा आणि ते अर्ध्या वेगाने बघा. हात कुठे थांबतो, अंगठा कुठे दाबतो, नजर रुग्णाच्या चेहऱ्याकडे कधी जाते, हे लिहून काढा. गुडघा मोजायच्या माझ्या यादीत अकरा पायऱ्या निघाल्या.

मग वर्गात पेटन यांची चार पायऱ्यांची पद्धत वापरा.

1. तुम्ही कौशल्य नेहमीच्या वेगाने करा, एकही शब्द न बोलता. मुलांना शेवटी काय दिसायला हवं ते कळतं.
2. तेच पुन्हा करा, पण सावकाश आणि प्रत्येक पायरीला कारण सांगत.
3. आता विद्यार्थी तोंडाने सांगेल आणि तुम्ही फक्त तो सांगेल तेवढंच कराल. तो आस कुठे ते सांगायचं विसरला, तर गोनिओमीटर हवेत धरून उभे राहा. ही पायरी सगळे गाळतात, आणि शिकणं इथेच होतं.
4. विद्यार्थी स्वतः सांगत सांगत करेल.

बॅच मोठी असेल तर तिसरी पायरी सगळ्यांसमोर तुम्हीच करा आणि चौथीसाठी तिघांचे गट पाडा: एक रुग्ण, एक थेरपिस्ट, एक यादी घेऊन तपासणारा. आकडा फळ्यावर लिहायला लावा. एकाच गुडघ्याचे आकडे जवळ यायला लागले की वर्गात खुशी पसरते, ती बघण्यासारखी असते.

सावधान : मुलं एकमेकांवर सराव करतात, म्हणून दोन गोष्टींत ढिलाई नको.

पहिली, परवानगी आणि पांघरूण. सत्राच्या सुरुवातीलाच सांगा की ज्याला रुग्ण व्हायचं नाही त्याने कारण न देता नाही म्हणावं. खांदा, पाठ, कंबर यांच्या प्रॅक्टिकलला पडदा, चादर आणि मुलींची वेगळी बॅच ठेवा. पहिल्या वर्षाची मुलगी संकोचून गप्प बसते आणि शिक्षकाला वाटतं तिची हरकत नाही.

दुसरी, इलेक्ट्रोथेरपी. कोणतंही उष्णतेचं साधन लावण्याआधी गरम आणि गार पाण्याच्या दोन परीक्षानळ्यांनी त्वचेची संवेदना तपासायची, सरावाच्या वेळीसुद्धा. शॉर्टवेव्ह (विद्युतलहरींनी खोलवर उष्णता देणारं यंत्र) असेल तर शरीरातला धातू, पेसमेकर, गर्भारपण हे विचारायचं आणि अंगावरचं घड्याळ, साखळी, बांगड्या उतरवायच्या. हॉट पॅकच्या टाकीतलं पाणी ७० ते ७५ अंशांवर असतं. टॉवेलच्या घड्या मोजून घ्यायला लावा आणि पहिल्या पाच मिनिटांनी त्वचा उघडून बघायला लावा. 'तरुण मुलंच आहेत, काय होतंय' म्हणून सरावात जी पायरी गाळली, ती वॉर्डात साखरेच्या आजाराने पाय बधिर झालेल्या आजोबांवरही गाळली जाते.

## टप्पा ७ : लेक्चर

एका तासाला तीन मुद्दे, चौथा नाही. प्रत्येक मुद्दा क्रियापदाने लिहा: 'या तासानंतर विद्यार्थी अमुक ओळखेल, तमुक करून दाखवेल.' 'माहिती होईल' हे उद्दिष्ट नव्हे, ते तपासता येत नाही.

सुरुवात व्याख्येने करू नका, रुग्णाने करा, आणि रुग्ण आपल्या जिल्ह्यातला घ्या. ऑक्टोबरच्या छाटणीत दिवसभर द्राक्षाच्या मांडवाखाली हात वर धरून काम करणारी निफाडची बाई, जिला आता केस विंचरता येत नाहीत. सातपूरच्या कंपनीत आठ तास मशीनवर उभा राहणारा तरुण. त्यांच्यापासून खांद्याची बायोमेकॅनिक्स किंवा कमरेवरचा भार सुरू केला की मुलांची वही आपोआप उघडते.

भाषेबद्दल बिचकू नका. संज्ञा इंग्रजीच असणार, परीक्षाही इंग्रजीत. पण कारण मराठीत सांगितलं तर सटाण्याहून, पेठहून आलेल्या मुलाला ते कळतं. तेच वाक्य लगेच एकदा सोप्या इंग्रजीत म्हणा, म्हणजे त्याला ते लिहिताही येईल.

## टप्पा ८ : वॉर्ड आणि ओपीडीतलं पोस्टिंग

पोस्टिंगला येताना मुलांच्या हातात केसशीट असते आणि डोकं रकाने भरण्यात असतं. 'मुख्य तक्रार' या रकान्यात सगळे एकच शब्द लिहितात: पेन. रुग्ण मात्र कधीच एवढंच सांगत नाही. तो म्हणतो कळ येते, ठणकतं, चमक निघते, ओढ लागते, मुंग्या येतात, बधिर पडलंय, आग होते, सकाळी आखडलेलं असतं. मुंग्या, चमक आणि आग हे शब्द आले की मनात नस यायला हवी. ठणका म्हटलं की सुजेकडे आणि सकाळी आखडतं म्हटलं की सांध्याकडे लक्ष जायला हवं. यावरून निदान होत नाही, पण पुढचा प्रश्न कोणता विचारायचा ते ठरतं. आपली भाषा रुग्णाच्या तोंडून अर्धी तपासणी करून देते आणि आपण ती एका इंग्रजी शब्दात बुडवून टाकतो, याचं मला फार वाईट वाटतं. माझ्या मुलांना मी रुग्णाचा शब्द जसाच्या तसा, देवनागरीत, केसशीटवर लिहायला लावते. मालेगाव, कळवण, सटाण्याकडचे रुग्ण अहिराणीत "दुखस" म्हणतात, ते त्या भागातली मुलं बाकीच्यांना समजावतात. एरवी मागे बसणारी ती मुलं त्या दिवशी पुढे असतात.

पोस्टिंगचा क्रम मी असा ठेवते.

आधी वॉर्डाबाहेर, दोन मिनिटं: आज कोणता रुग्ण, काय शोधायचं, कशाला हात लावायचा नाही. मग रुग्णाची परवानगी मी स्वतः घेते: "काका, ही मुलं शिकतायत, तपासलं तर चालेल का? दमलात तर सांगा, लगेच थांबू." एका रुग्णाभोवती चार-पाचहून जास्त मुलं नकोत. एकाने तपासायचं, बाकीच्यांनी बघायचं. मी मध्ये बोलत नाही. चर्चा परत बाहेर येऊन.

रुग्णासमोर विद्यार्थ्याला रागावणं ही नव्या शिक्षकांची मोठी चूक. मुलगा खचतो, आणि रुग्णाचा विश्वासही उडतो. त्याला वाटतं, आपल्यावर चुकीचं काहीतरी चाललंय. अपवाद एकच: धोका. नुकती शस्त्रक्रिया झालेला सांधा नको त्या दिशेला फिरतोय, उभा केलेला रुग्ण पांढरा पडतोय, अशा वेळी न बोलता विद्यार्थ्याच्या हातावर हात ठेवून थांबवा, रुग्णाला आधी सुरक्षित करा. कारण नंतर सांगा.

अभिप्राय त्याच दिवशी द्या. आधी विद्यार्थ्याला विचारा, स्वतःचं काय बरं झालं आणि काय पुन्हा करशील. मग तुम्ही बघितलेली एकच नेमकी गोष्ट सांगा. "अजून सराव कर" याने कोणी सुधारत नाही. "पाय उचलताना तू घोट्याला धरलंस, गुडघ्याखाली दुसरा हात ठेव" याने सुधारतो.

तपासा : तुमच्या पोस्टिंगनंतर रुग्णाला विचारा, आज काय केलं? त्याला सांगता आलं तर विद्यार्थ्याने त्याला समजावलं होतं. नाही आलं तर उद्याचा मुद्दा तोच.

## टप्पा ९ : इंटर्नल, व्हायव्हा आणि गुण

गुण देताना नवखा शिक्षक दोन टोकांना जातो: सगळ्यांना सरसकट बरे गुण, नाहीतर आपल्या क्लिनिकच्या मापाने सगळे नापास. दोन्हीवर उपाय एकच. मुलं यायच्या आधी तपासयादी लिहा.

ओस्कीच्या (ठरलेल्या तपासयादीनुसार, एकेका टेबलावर कौशल्य करून दाखवायच्या परीक्षेच्या) पाच मिनिटांच्या स्टेशनसाठी माझी यादी दहा ओळींची असते आणि पहिल्या तीन ओळी कधी बदलत नाहीत: हात धुतले, स्वतःचं नाव सांगून परवानगी घेतली, रुग्णाला नीट बसवलं-झोपवलं आणि पांघरलं. या तिन्हींना गुण ठेवले की पुढच्या वेळी सगळे ते करतात. नुसतं सांगून कोणी करत नाही.

व्हायव्हात पहिला प्रश्न सोपा ठेवा. थरथरणाऱ्या मुलाचा आवाज सुटला की मगच त्याला काय येतं ते कळतं. प्रत्येकाला एका विषयावर पायरी-पायरीने वर न्या: काय आहे, कसं करतात, या रुग्णावर करशील का, नाही तर का नाही. शेवटच्या दोन पायऱ्यांवर कोण टिकतं, यावरून गुण ठरवा.

गुणांची नोंद त्याच दिवशी शाईने करा आणि सही करा. विद्यार्थ्याला त्याची तपासयादी दाखवा. तक्रार आली तर तुमच्याकडे कागद असतो, आणि तक्रारी मुळातच कमी येतात.

## टप्पा १० : वर्षाच्या शेवटी

मे महिन्यात दोन दिवस काढा आणि फाइल पुन्हा उघडा. त्यात या वर्षाचं हे घाला: मान्यतेचं पत्र, वेळापत्रक, घेतलेल्या तासांची नोंद, अध्यापक प्रशिक्षण कार्यशाळेचं प्रमाणपत्र, परीक्षक म्हणून नेमणूक झाली असेल तर ते पत्र, फॉर्म १६. प्रशिक्षण कार्यशाळा पहिल्याच वर्षी करून टाका. बढतीच्या वेळी ती मागतात आणि तेव्हा जागा मिळत नाही.

तात्पुरती मान्यता असेल तर तिची मुदत कधी संपते ती तारीख मोबाइलच्या कॅलेंडरवर तीन महिने आधी लावून ठेवा. विद्यापीठाची स्थानिक चौकशी समिती महाविद्यालयाच्या तपासणीला येते तेव्हा तुम्हाला मूळ कागदांसह समोर बसायचं असतं. टप्पा १ मधली फाइल नीट असेल तर ते दहा मिनिटांचं काम आहे.

त्या फाइलच्या मागच्या कप्प्यात आणखी एक वही ठेवा, कोणी मागणार नाही ती: कौशल्यं सुटी केल्याच्या याद्या. गुडघा मोजायच्या माझ्या अकरा पायऱ्या पहिल्या वर्षी होत्या. एका विद्यार्थिनीने पेटन यांच्या तिसऱ्या पायरीला मला गोनिओमीटर हवेत धरून उभं ठेवलं आणि विचारलं, "मॅम, दुसरा पाय कुठे ठेवायचा ते तुम्ही सांगितलंच नाही." आता त्या बारा आहेत.